जुन्या इंजिनचं हेड गॅस्केट घरी बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. म्हणजे ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियमचं हेड, आणि कार्ब्युरेटर किंवा सुरुवातीच्या काळातलं इंजेक्शन. इथले आकडे अंदाज यावा म्हणून दिले आहेत. टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर), बोल्टांचा क्रम, हेडची किमान जाडी हे तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. ते हाताशी नसेल तर पहिला बोल्ट सैल करण्याआधी मिळवा.

हेड गॅस्केटचं काम नेमकं काय?

ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या त्या एका पातळ थराला तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवायच्या असतात: सिलिंडरमधला जळता वायू, कूलंट आणि ऑइल. पूर्ण ताकदीवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनात ज्वलनाचा दाब ५० बारच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो. शेजारच्याच भोकातून एका बारच्या दाबाचं कूलंट वाहत असतं. या दोघांमध्ये काही ठिकाणी जेमतेम काही मिलिमीटरची जागा असते. गॅस्केट तिथेच फाटतं किंवा जळतं.

गॅस्केट उडालंय हे कशावरून ओळखायचं?

एका लक्षणावर निकाल देऊ नका. बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होणं, इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, थंड इंजिन सुरू करताच दोन-तीन मिनिटांत वरचा रेडिएटर होज दगडासारखा कडक होणं, रेडिएटरमध्ये सतत येणारे बुडबुडे, सकाळी पहिल्या स्टार्टला एक सिलिंडर काही सेकंद न मारणं, यांतली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर संशय पक्का धरा. गाडीतला हीटर मध्येच थंड हवा फेकू लागला तर त्याकडेही लक्ष द्या. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरून हीटरमध्ये हवेचा अडथळा तयार होतो, म्हणून तसं होतं.

उलट काही गॅस्केट फक्त बाहेरच्या बाजूला ऑइल गाळतात. पाणी नाही, धूर नाही, फक्त ब्लॉकच्या कडेने ओघळ. तेवढ्यासाठी घाईने हेड उतरवायची गरज नसते.

ऑइल भरायच्या टोपणाखाली पिवळट-पांढरी साय जमली आहे. गेलं का गॅस्केट?

लगेच घाबरू नका. गाडी रोज थोडंच अंतर चालत असेल तर इंजिन पुरेसं तापत नाही, आतली वाफ टॅपेट कव्हरच्या थंड पत्र्यावर धरते आणि ऑइलमध्ये मिसळून अशीच साय तयार होते. डिपस्टिक काढून बघा. तिथलं ऑइल स्वच्छ असेल आणि पातळी वाढलेली नसेल तर एक लांबची फेरी मारून पुन्हा तपासा. डिपस्टिकवरही दुधाळ ऑइल दिसलं किंवा पातळी आपोआप चढलेली असली तर इंजिन सुरूच करू नका.

खात्री करायला कोणत्या चाचण्या करायच्या?

सगळ्यात सोपी म्हणजे कूलिंग सिस्टीमची दाब-चाचणी. थंड इंजिनावर हातपंप लावून रेडिएटरच्या झाकणावर छापलेल्या दाबाइतकाच दाब द्या आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघत राहा. दाब उतरतोय पण बाहेर थेंब नाही, असं झालं की प्लग काढून कोणत्या सिलिंडरमध्ये पाणी उतरलंय ते बघा.

दुसरी रासायनिक चाचणी. नळीतला निळा द्राव रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढायची. त्या हवेत ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर द्राव पिवळा पडतो. आधी रेडिएटरमधलं कूलंट थोडं खाली उतरवा, कारण कूलंटचा थेंब द्रावात गेला तर चाचणी वाया जाते.

तिसरी कॉम्प्रेशन टेस्ट. सगळे प्लग काढा, इग्निशन आणि इंधन बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा, बॅटरी भरलेली असू द्या, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच चार-पाच फेरे द्या. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. १०–१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कारण शोधायला हवं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील तर त्या दोघांमधली गॅस्केटची पट्टी जळाली असण्याची दाट शक्यता असते.

माझा सगळ्यात जास्त विश्वास लीक-डाउन चाचणीवर आहे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या जागी आणायचा, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा द्यायची आणि कान लावायचा. ऑइलच्या टोपणातून सूं आवाज आला तर पिस्टनच्या रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. हवेच्या दाबाने क्रँक अचानक फिरू शकतो, म्हणून क्रँकच्या बोल्टवर पाना अडकवून ठेवू नका आणि हात पंख्यापासून लांब ठेवा.

आणि गरम इंजिनाचं रेडिएटर झाकण उघडू नका, कितीही घाई असली तरी. दाबाखाली पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि ते सगळं एकदम वाफ होऊन अंगावर येतं.

गॅस्केट उडतंच का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि माझ्या मते सगळं काम याच प्रश्नावर उभं आहे. गॅस्केट क्वचितच आपणहून मरतं. बहुतेक वेळा आधी दुसरं काही बिघडतं आणि त्याचा मार गॅस्केटला बसतो.

ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. साडेचारशे मिलिमीटर लांबीचं ॲल्युमिनियमचं हेड २० अंशांवरून १०० अंशांवर गेलं तर साधारण ०.८ मिमीने लांब होतं. खालचा लोखंडी ब्लॉक तेवढ्याच तापमानात ०.४ मिमी वाढतो. मधलं गॅस्केट प्रत्येक गरम-थंड फेरीत असं घासलं जात असतं. नेहमीच्या तापमानाला ते हे वर्षानुवर्षं सोसतं. इंजिन एकदा नीट ओव्हरहीट झालं की हेडला आणखी फुगायचं असतं, पण बोल्ट त्याला जागेवर दाबून धरतात. मग धातूच दबतो, आणि थंड झाल्यावर हेड वाकडं होतं. गॅस्केटवरचा दाब तेव्हापासून सगळीकडे सारखा राहत नाही.

म्हणून नवं गॅस्केट मागवण्याआधी ओव्हरहीटचं कारण शोधा. थर्मोस्टॅट भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत टाकून तापवा आणि त्यावर कोरलेल्या तापमानाला तो उघडतो का बघा. रेडिएटरच्या नळ्या गाळाने बुजल्यात का, वॉटर पंपाची पाती गंजून खाल्ली गेलीत का, पंख्याचा बेल्ट किंवा क्लच घसरतोय का, खालचा होज वेगात आत चिकटतो का, झाकणाचा स्प्रिंग थकलाय का, हे एकेक तपासा. इग्निशन टायमिंग फार पुढे असल्याने होणारं नॉकिंगही (इंधन अवेळी भडकून होणारा खडखडाट) गॅस्केटची कड झिजवतं. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा गॅस्केट अगदी व्यवस्थित बसवलं होतं, पण अर्धा बुजलेला रेडिएटर तसाच ठेवला. काही महिन्यांत तेच हेड पुन्हा उतरवावं लागलं.

बाटलीतलं लीक बंद करणारं रसायन टाकून चालेल का?

गाडी ठेवायची असेल तर नको. भेगेत जे जमतं तेच रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही जमतं. पुढे हेड उतरवावं लागतंच, आणि सोबत रेडिएटरही बदलावा लागतो.

हे घरी जमण्यासारखं आहे का? किती वेळ लागेल?

टायमिंग बेल्ट किंवा कार्ब्युरेटर स्वतः काढून बसवला असेल तर जमेल. सरळ चार सिलिंडरचं इंजिन पहिल्यांदा करणाऱ्याने दोन ते तीन शनिवार-रविवार धरावेत. त्यातला उघडण्याचा आणि जोडण्याचा वेळ कमीच असतो. खरा वेळ जातो सफाईत, मोजमापात आणि हेड मशीन शॉपमधून परत येण्याची वाट बघण्यात. गाडीवाचून अडणार असेल तर दुसरी सोय झाल्याशिवाय हात घालू नका, कारण घाई झाली की माणूस आधी मोजमापच टाळतो.

कोणती हत्यारं हवीतच?

चांगला टॉर्क पाना, कोन मोजायची चकती, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच), मशीन केलेली सरळ कड असलेली जाड पोलादी पट्टी, लांब दांडा, सहा कोनी सॉकेट, आणि गाडी उचलणार असाल तर जॅकस्टँड. बारा कोनी सॉकेट जुन्या बोल्टांची डोकी गोल करतं. टॉर्क पाना त्याच्या क्षमतेच्या मधल्या भागात सर्वांत अचूक असतो. तो बोल्ट सैल करायला वापरू नका आणि काम झालं की स्प्रिंग सैल करून ठेवा. शाळेतली फूटपट्टी हेड मोजायला चालत नाही, ती स्वतःच सरळ नसते.

इंजिन बाहेर काढावं लागतं का?

फक्त हेड गॅस्केटसाठी बहुतेक गाड्यांत नाही. मागचं मुख्य ऑइल सीलही गळत असेल तर मात्र गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. तेव्हा सगळं इंजिन एकदाच बाहेर घेऊन सील करणं मला सोपं वाटतं. स्टँडवरच्या इंजिनाची सफाई जितकी नीट होते तितकी बॉनेटखाली वाकून होत नाही.

हेड उतरवताना कशाचं भान ठेवायचं?

इंजिन पूर्ण थंड असू द्या, आदल्या रात्रीपासून उभं असेल तर उत्तम. गरम हेडचे बोल्ट सोडले तर ते तिथेच वाकू शकतं. बॅटरी सोडा, इंजेक्शन असेल तर इंधनाचा दाब उतरवा, कूलंट आणि ऑइल दोन्ही काढा. पहिला सिलिंडर टीडीसीवर आणून टायमिंगच्या खुणा जुळवा आणि फोटो काढा. प्रत्येक होज सोडण्याआधी एक लांबून आणि एक जवळून फोटो घ्या. महिनाभराने ती एकटी निर्वात नळी कुठली होती हे आठवत नाही.

बोल्ट घट्ट करण्याच्या उलट क्रमाने सोडा, म्हणजे बाहेरून मध्याकडे, आणि तेही दोन-तीन टप्प्यांत. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून त्याला भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असते. पुशरॉड, टॅपेट, रॉकर, शिम हे सगळं ज्या जागेवरून निघालं त्याच जागी परत गेलं पाहिजे, कारण ते एकमेकांवर घासून बसलेले असतात.

टायमिंग बेल्ट किंवा चेन निघाल्यावर कॅम किंवा क्रँक स्वतंत्रपणे फिरवू नका. अनेक इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत असतात. आणि उतरवलेलं हेड पालथं ठेवू नका. उघडे व्हॉल्व्ह खालच्या पृष्ठभागाच्या बाहेर आलेले असतात, ते वाकतात. दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. लोखंडी हेड एकट्याने उचलायचं नाही, कंबर सांभाळा.

माझ्या इंजिनात काढता येणारे ओले लायनर (बाहेरून थेट कूलंट लागणाऱ्या सिलिंडरच्या नळ्या) आहेत. काही वेगळं?

हो, आणि हे आधी माहीत असलंच पाहिजे. हेड निघाल्यावर लायनरला वरून दाबून धरणारं काही उरत नाही. अशा वेळी क्रँक फिरवला तर पिस्टनबरोबर लायनर उचलला जातो, खालचं सील तुटतं आणि पाणी थेट इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये जातं. हेड निघाल्याबरोबर बोल्ट आणि पट्ट्या लावून लायनर जखडून ठेवा. लायनर ब्लॉकच्या वर किती उठून दिसतो तेही मोजा. तो कमी-जास्त असेल तर नवं गॅस्केट टिकणार नाही.

सगळे बोल्ट काढले, तरी हेड हलत नाही. पटाशी घालून उचकटू का?

नाही. दोन पृष्ठभागांच्या मध्ये लोखंड घातलं की ओरखडा पडतो आणि तिथूनच पुढची गळती सुरू होते. आधी बोल्ट पुन्हा मोजा. एखादा टायमिंग कव्हरमध्ये किंवा ऑइलच्या थराखाली लपलेला असतो. मग एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हाताशी धरून हेड हलवून बघा, किंवा ओतकामाच्या बाहेर आलेल्या जाड भागावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने ठोका. स्टडवर गंजून बसलेल्या हेडला गंज सोडवणारं तेल आणि दोन दिवसांचा धीर लागतो.

सफाई कशी करायची?

सावकाश. गॅस्केट नीट न बसण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

पिस्टनच्या कडेभोवती थोडं ग्रीस भरा म्हणजे कचरा रिंगांपर्यंत जाणार नाही. पाण्याच्या आणि ऑइलच्या वाटांत चिंध्या कोंबा. गॅस्केट सैल करणारं द्रावण लावून प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढा. लोखंडी ब्लॉकवर धारदार पातं आडवं धरून चालवता येतं, ॲल्युमिनियमवर मात्र हात फार हलका हवा. ड्रिलला लावायच्या खरखरीत चकत्या वापरू नका. त्या धातू असमान खातात, आणि त्यांच्यातून सुटणारी ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोचून ती खाऊन टाकते. इंजिन उत्पादकही याबद्दल इशारा देतात.

खूप जुन्या इंजिनच्या मूळ गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. असं गॅस्केट कोरडं खरवडू नका, घासू नका, हवेने उडवू नका. ओलं ठेवून काढा, ओल्या कपड्याने पुसा, पिशवीत बंद करा आणि योग्य मास्क घाला.

शेवटी दोन्ही पृष्ठभाग तेलरहित द्रावणाने पुसा. पांढऱ्या कपड्यावर डाग येणं थांबेपर्यंत पुसत राहा.

बोल्टांच्या भोकांबद्दल एवढं का सांगतात?

आंधळ्या, म्हणजे तळ बंद असलेल्या भोकाच्या तळाशी ऑइल किंवा पाणी उरलं आणि त्यावर बोल्ट आवळला, तर द्रव दबत नाही. तो दाब ब्लॉकलाच तडा देऊ शकतो. तसं झालं नाही तरी टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो: पाना म्हणतो घट्ट, प्रत्यक्षात हेडवर दाब नसतो. भोकं द्रावणाने धुवा, डोळ्यांना चष्मा लावून हवेने उडवा. आटे साफ करायला कापणारा टॅप घालू नका, तो धातू काढून आटे सैल करतो. जुन्याच एका हेड बोल्टला लांबीच्या दिशेने दोन-तीन खाचा पाडून तो हाताने फिरवा, उत्तम काम होतं.

हेड वाकलंय की नाही हे कसं मोजायचं?

पोलादी पट्टी हेडवर उभ्या कडेने ठेवा: दोन्ही लांब कडांवर, मधोमध, आडवी, आणि दोन्ही कर्णांवर. पट्टीखाली फीलर गेज सरकवून बघा. सरळ चार सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिमी ही मर्यादा असते, काही उत्पादक ०.१ मिमीपर्यंत मुभा देतात. हीच मापं ब्लॉकवरही घ्या. लोक हेड मोजतात आणि ब्लॉक विसरतात.

हेड ओव्हरहीट झालेलं असेल तर ते सरळ दिसलं तरी मशीन शॉपमध्ये दाबाखाली तडा तपासून घ्या. दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधला अरुंद पूल सगळ्यात आधी तडकतो. ॲल्युमिनियमवर रंगद्रव शोषवून तडा शोधतात, चुंबकीय चाचणी फक्त लोखंडावर चालते.

फेसिंग मारून (पृष्ठभाग मशीनवर सपाट करून) घ्यायचं का? किती?

वाकडं असेल किंवा खड्डे असतील तर हो, पण लागेल तेवढंच. जितका धातू निघेल तितकं कॉम्प्रेशन वाढतं, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि ओव्हरहेड कॅम असेल तर टायमिंग किंचित उशिरा होतं. मॅन्युअलमधली किमान जाडी ओलांडली तर जाड गॅस्केट मिळतं का बघा, नाहीतर दुसरं हेड शोधा.

ओव्हरहेड कॅमच्या हेडमध्ये एक गोष्ट हमखास निसटते. हेड वाकलं की वरची कॅमची भोकंही एका रेषेत राहत नाहीत. खालून फेसिंग मारून पृष्ठभाग सरळ होतो, कॅमची वाट वाकडीच राहते. कॅम हाताने सहज फिरतो का बघा. अडकत असेल तर हेड आधी सरळ करून घ्यावं लागतं.

कोणतं गॅस्केट घ्यावं?

जुन्या इंजिनाला त्याच्या मूळ रचनेसारखं कंपोझिट गॅस्केट घ्या. अनेक पोलादी थरांचं गॅस्केट मजबूत असतं, पण त्याला पृष्ठभाग फार गुळगुळीत लागतो, साधारण ०.८ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी खडबडीत. हाताने साफ केलेल्या जुन्या ब्लॉकवर तो मिळत नाही. हेड आणि ब्लॉक दोन्ही मशीन करून घेणार असाल तरच त्याचा विचार करा.

गॅस्केटला सीलंट लावायचं का?

मॅन्युअलने सांगितलं नसेल तर नाही. कोरडं आणि स्वच्छ. वरची आणि पुढची बाजू कोणती ते गॅस्केटवर छापलेलं असतं, आणि ऑइल वर नेणारं भोक ब्लॉकच्या भोकावर येतंय का ते डोळ्यांनी बघा. गॅस्केटमधली पाण्याची भोकं ब्लॉकमधल्या भोकांपेक्षा लहान दिसली, काही तर बंद दिसली, तरी ती कापून मोठी करू नका. पाणी आधी मागच्या सिलिंडरपर्यंत पोचावं म्हणून ती मुद्दाम तशी असतात.

जुने हेड बोल्ट पुन्हा वापरू का?

कोन देऊन ताणायचे बोल्ट (टॉर्कनंतर ठरावीक अंश आणखी फिरवायचे) असतील तर नवेच घ्या. ते एकदा कायमचे लांबतात. साधे बोल्ट असतील तर लांबी मोजा, नव्याशी शेजारी धरून बघा, आटे कुठे बारीक झालेत का तपासा. शंका आली की बदला.

टॉर्क देण्याची नीट पद्धत काय?

बोल्टवर दिलेल्या टॉर्कपैकी जेमतेम एक दशांश भाग हेड दाबायला कामी येतो. जवळजवळ निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात आणि उरलेला आट्यांच्या घर्षणात जातो. म्हणूनच गंजलेला, कोरडा बोल्ट टॉर्क पान्याला फसवतो. मॅन्युअल सांगतं त्याप्रमाणे आट्यांना आणि डोक्याखाली, वॉशरच्या दोन्ही बाजूंना, इंजिन ऑइलचा पातळ हात द्या. जो बोल्ट पाण्याच्या वाटेत उतरतो त्याच्या आट्यांना सीलंट लागतं.

डॉवेल पिना (हेड नेमक्या जागी बसवणाऱ्या) जागेवर आहेत का बघा आणि हेड सरळ खाली ठेवा, गॅस्केटवर सरकवत नेऊ नका. सगळे बोल्ट आधी हाताने टेकवा. मग मध्यापासून बाहेर गोलगोल जाणाऱ्या क्रमाने, किमान तीन टप्प्यांत. कोनाची पद्धत असेल तर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर रंगाची खूण करा आणि एका दमात, मध्ये न थांबता कोन पूर्ण करा. मध्येच थांबून पुन्हा ओढलं की सुटताना जास्त जोर लागतो आणि अंदाज चुकतो. क्रम कागदावर लिहून समोर चिकटवा आणि झालेल्या प्रत्येक बोल्टवर खूण करा. त्या वेळी कोणाशी बोलू नका, फोन बाजूला ठेवा.

एखादा बोल्ट बाकीच्यांसारखा घट्ट न होता मऊ लागला, फिरतच राहिला, तर थांबा. आटे सुटताहेत किंवा बोल्ट ताणला जातोय. थ्रेड इन्सर्ट (भोकात नवे आटे देणारी बाही) बसवायचं काम आता एका दिवसाचं आहे. इंजिन चालू झाल्यावर तेच काम पुन्हा सगळं उघडायला लावेल.

काही दिवसांनी पुन्हा टॉर्क द्यायचा असतो ना?

जुन्या कंपोझिट गॅस्केटला आणि साध्या बोल्टांना अनेकदा हो, साधारण ५०० ते १,००० किमीनंतर. मॅन्युअलमध्ये गरम की थंड तेही दिलेलं असतं. एकावेळी एकच बोल्ट थोडा सैल करून लगेच पूर्ण टॉर्कला आणा. कोन दिलेल्या बोल्टांना पुन्हा हात लावू नका.

हेड उतरलंच आहे तर आणखी कोणती सील बदलावीत?

व्हॉल्व्ह स्टेम सील, टॅपेट कव्हरचं गॅस्केट, दोन्ही मॅनिफोल्डची गॅस्केट, थर्मोस्टॅटचं गॅस्केट हे नक्कीच. टायमिंग कव्हर उघडलं तर पुढचं क्रँक सील, कॅम सील, वॉटर पंप आणि बेल्ट. डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग छोटी असते, पण ब्लॉकच्या मागून येणारी कितीतरी रहस्यमय गळती तिथूनच निघते. फुगलेले होज तर बदलाच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड तुटण्याची तयारी ठेवा, जुन्या गाडीत एखादा तुटतोच.

नवं ऑइल सील बसवलं तरी गळतंय. का?

तीन कारणं वारंवार दिसतात. शाफ्टवर जुन्या सीलच्या ओठाने चर पाडलेली असते. नखाला ती लागली तर पातळ धातूची बाही चढवा किंवा मॅन्युअल परवानगी देत असेल तर सील एखादा मिलिमीटर आत-बाहेर बसवा. दुसरं, बसवताना ओठ दुमडला जातो. स्प्रिंग असलेली बाजू ऑइलकडे ठेवा आणि रबरी ओठाला तेल किंवा ग्रीस लावा. टेफ्लॉनचं सील मात्र कोरडंच बसवायचं असतं, त्याला तेल लावलं तर ते नीट बसत नाही.

तिसरं कारण सीलमध्ये नसतंच. क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणारा ब्रीदर किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह बुजला की आतला दाब वाढतो आणि तो सगळ्यात कमजोर सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. एकेक सील बदलत बसण्याआधी ब्रीदरची नळी काढून साफ करा.

फार जुन्या काही इंजिनांत मागचं सील दोरीसारखं असतं. ते ठोकून खाचेत बसवून टोकं बरोबर कापावी लागतात. त्याच मापाचं दोन तुकड्यांचं रबरी सील मिळत असेल तर ते घ्या.

सिलिकॉन सीलंट किती लावायचं?

जिथे दोन जोड एकमेकांना मिळतात त्या कोपऱ्यांवर, आणि जिथे मूळ गॅस्केटच नसतं तिथे सुमारे ३ मिमीची अखंड रेघ. बाहेर जितकं दिसतं तितकंच आतही पिळून निघालेलं असतं. ते सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकलं की इंजिनचं ऑइल तुटतं. नंतर डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा.

ऑइल चेंबरचं कॉर्क गॅस्केट नेहमी गळतं.

बहुतेकदा चेंबरचा पत्रा बोल्टांच्या भोकांपाशी आत खचलेला असतो, कारण आधी कोणीतरी जोरात आवळलेलं असतं. पत्रा सपाट लोखंडावर ठेवून छोट्या हातोडीने ती भोकं सरळ करा. मग बोल्ट एकसारखे, हलक्या हाताने. कॉर्क कडेने बाहेर फुगायला लागलं की जास्त झालं.

सगळं जोडून झालं. पहिला स्टार्ट कसा मारायचा?

आधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळतात का बघा. कुठेही अडलं तर जोर लावू नका. टॅपेट सेट करा. नवं ऑइल आणि फिल्टर घाला. इग्निशन सोडून, प्लग काढून स्टार्टर मारा, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत.

कूलंट आणि क्षारविरहित पाणी सम प्रमाणात भरा, गाडीचं नाक थोडं वर घ्या, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि हवा काढायचे स्क्रू असतील तर ते उघडा. इंजिन सुरू झाल्यावर शेजारीच उभे राहा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत वरचा होज थंड राहील, मग एकदम गरम होईल. तापमानाचा काटा नेहमीच्या पुढे गेला की लगेच बंद करा. पहिल्या दोन-तीन गरम-थंड फेऱ्यांनंतर पातळी पुन्हा भरावी लागते.

सुरू झाल्यावर धूर येतोय. पुन्हा बिघडलं का?

मॅनिफोल्डवर सांडलेलं तेल आणि सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं कूलंट जळायला वेळ लागतो. अर्ध्या तासाच्या फेरीनंतर कमी होत गेला तर ठीक. तसाच राहिला तर दाब-चाचणी पुन्हा करा.

आधी ऑइलमध्ये पाणी गेलं होतं. बेअरिंगचं काय?

कूलंटमधलं ग्लायकॉल बेअरिंगचा पृष्ठभाग खातं, त्यामुळे दुधाळ ऑइलवर गाडी किती चालली ते महत्त्वाचं आहे. थोडीच चालली असेल तर नवं ऑइल घालून इंजिन गरम करा, लगेच ऑइल आणि फिल्टर बदला, मग ३००–५०० किमीवर पुन्हा बदला. स्वस्त ऑइल चालेल, दर्जा योग्य हवा. बरीच चालली असेल तर चेंबर खाली असतानाच एक-दोन कनेक्टिंग रॉडची टोपी उघडून बेअरिंग बघा. करडा चकचकीत थर जाऊन तांब्यासारखा रंग दिसला की ती बदला.

काढलेलं कूलंट आणि ऑइल कुठे टाकायचं?

झाकण असलेल्या डब्यांत, वेगवेगळं, आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्या केंद्रात किंवा गॅरेजमध्ये. गटारात किंवा मातीत नाही. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही मरतात, लहान मुलांनाही तोच धोका. म्हणून ट्रे भरला की तसाच ठेवून चहाला जाऊ नका. आधी डब्यात ओता, झाकण लावा, जमिनीवर सांडलेलं पाण्याने धुऊन पुसून घ्या.